ब्रिज बदलण्याआधी

धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की मुंबई-आग्रा महामार्गावर सोनगीर लागतं. किल्ला आणि तांब्या-पितळेची भांडी यांसाठी गावाचं नाव. पितळेला इलेक्ट्रिक गिटारच्या इतिहासातही जागा आहे. लिओ फेंडर यांनी १९५०मध्ये अमेरिकेत जी गिटार बाजारात आणली, तिच्या ब्रिजवर तारा टेकायला तीन पितळी सॅडल होती. एकावर दोन तारा. एकीचा सूर बिनचूक लावला की दुसरीचा जरासा सरकायचा. १९५४च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये प्रत्येक तारेला आपलं सॅडल मिळालं. पण तिच्या ब्रिजला एक दांडी असते. ती दाबली की ब्रिज झुकतो, आणि सुराची खरी परीक्षा तिथे सुरू होते.

आपल्याकडच्या स्वस्त गिटारींत याच घाटाच्या पुष्कळ. पुढून सहा तारा ब्रिजला ओढतात, मागून पोकळीतल्या स्प्रिंगा. नेहमीच्या जाडीच्या तारांचा एकूण ताण ४५ किलोंच्या आसपास असतो. एक तार तुटली की हा तोल बिघडतो आणि उरलेल्या पाचही चढतात. त्यात खानदेशचा उन्हाळा. मे महिन्यात वरातीत उन्हात गिटार धरली की पोलादी तार तापून सैलावते, सूर उतरतो. सावलीत आलं की पुन्हा चढतो. हा दोष ब्रिजचा नव्हे, कुठलाही महागडा ब्रिज तो घालवणार नाही.

म्हणून नवा ब्रिज मागवण्याआधी कान लावून तपासावं. सूर लावायची की हळूहळू फिरवताना ‘टिक्’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो का? तसं असेल तर तार मानेच्या वरच्या टोकाच्या नटच्या खाचेत अडकते आहे. दांडी दाबून सोडली की तार मूळ जागी परतत नाही. तार सैल करून खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासावं. पुष्कळ गिटारी एवढ्यावर सुधारतात. नवी तार हाताने ताणून घ्यावी, कीवर तिचे दोन-तीन नीट वेढे असावेत. मग ब्रिजपुढचे सहा स्क्रू पाहावेत. सगळे गच्च आवळलेले असतील तर ब्रिजची पट्टी झुकताना घासते. टोकाचे दोन धरून मधले चार किंचित वर ठेवले की ती मोकळी हलते. दांडी वापरायचीच नसेल तर मागच्या पोकळीत लाकडाचा ठोकळा घट्ट बसवावा. गिटारवादक एरिक क्लॅप्टन आपल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये हेच करतो.

हे सगळं करूनही ब्रिजची स्क्रूशी टेकणारी धार झिजलेली दिसली, तर मात्र ब्रिज बदलावा. तो घेण्याआधी माप घ्यावं. टोकाच्या दोन स्क्रूंमधलं अंतर जुन्या फेंडर मापात सुमारे ५६ मिलिमीटर असतं, अनेक स्वस्त गिटारींत ५२ ते ५४. गिटारचं अंग पातळ असेल तर ब्रिजखालचा जाड धातूचा ठोकळा मागून बाहेर डोकावतो. पितळी ठोकळ्याने नाद गोड होतो असं अनेक वादक सांगतात. सूर टिकण्यासाठी धातूपेक्षा बसवणं चोख हवं.

दांडीचा मनसोक्त वापर करणाऱ्यांसाठी फ्लॉइड रोझ यांनी १९७०च्या दशकात वेगळी वाट काढली. ते दागिने घडवायचे. त्याच अवजारांनी त्यांनी तारा चिमटीत धरणारा पितळी नट हाताने बनवला आणि १९७९मध्ये त्यांना पेटंट मिळालं. तार दोन्ही टोकांना जखडली की घसरायला जागाच उरत नाही. पण मग वरची की निकामी होते, म्हणून पुढे सूर नेमका जुळवायला ब्रिजवरच बारीक स्क्रू आले.

मिरजेच्या तंबोऱ्यात ही सोय फार आधीपासून आहे. खुंटीने ढोबळ सूर लावायचा आणि घोडीखालचा मणका सरकवून नेमका जुळवायचा. शिकलगार म्हणजे शस्त्रं घडवणाऱ्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्यं घडवण्याचा व्यवसाय उभा केला. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

फ्लॉइड रोझ पद्धतीचा ब्रिज बसवायला गिटारचं लाकूड कोरावं लागतं, म्हणून स्वस्त गिटारवर तो खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. साधा ब्रिज बसवला तरी शेवटचं काम उरतंच: बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून वाजवावी, मग दाबून वाजवावी. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे घ्यावं, उतरता आला तर पुढे. प्रत्येक फेरीनंतर तार पुन्हा सुरात लावावी आणि सहाही तारा होईपर्यंत घाई करू नये.