‘ओळखलंस का?’ हा प्रश्न आता पुरे!

घरातल्या आजीला डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश झालाय हे कळलं, की येणारा प्रत्येक जण तिची तोंडी परीक्षा घ्यायला लागतो. ‘आज्जी, मला ओळखलंस का?’ ‘मी कोण, सांग बरं?’ उत्तर चुकलं की कुणी हसतं, कुणी डोळे पुसतं. आजी गप्प होते. विचार करा, तुमची रोज अशी व्हायवा घेऊन रोज नापास केलं तर? तुम्हीही लोकांसमोर यायचं बंदच कराल.

‘साठी बुद्धी नाठी’, ‘म्हातारचळ लागलाय’ हे शब्द आपल्या तोंडात इतके बसलेत, की मेंदूचा आजारही आपण वयाच्या नावावर खपवतो. वयाबरोबर धोका वाढतो हे खरं, पण म्हातारपणी डिमेन्शिया होतोच असं नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना तो असावा. पण ‘लोक काय म्हणतील’ म्हणून डॉक्टरकडे जाणं लांबतं. थायरॉइडचा त्रास, बी-१२ची कमतरता किंवा नैराश्य यांमुळे आलेला विसराळूपणा उपचारांनी कमी होऊ शकतो. तेसुद्धा मग तपासायचं राहून जातं.

मग अशा माणसाशी बोलायचं तरी काय? अमेरिकेतल्या नाट्यकर्मी अॅन बास्टिंग यांनाही नव्वदच्या दशकात हाच प्रश्न पडला होता. एका वृद्धाश्रमात त्या डिमेन्शिया असलेल्या लोकांकडून जुन्या आठवणी काढून घ्यायचा प्रयत्न करत होत्या. काही केल्या जमेना. शेवटी त्यांनी मासिकातला एका काउबॉयचा फोटो फाडून समोर धरला आणि विचारलं, ‘याचं नाव काय ठेवूया?’ एकाने नाव सुचवलं, दुसऱ्याने त्यात भर घातली आणि बघता बघता गोष्ट रंगली! यातूनच ‘टाइमस्लिप्स’ ही संस्था उभी राहिली. २०१६ मध्ये बास्टिंग यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. युक्ती साधी आहे. आठवणीला एकच बरोबर उत्तर असतं, कल्पनेला हवी तितकी.

गोष्टी ठीक आहेत, पण कामाचं काय? तिथे चुका होणारच ना? होऊ देत की, असं म्हणणारं रेस्टॉरंट २०१७ मध्ये टोकियोत काही दिवसांसाठी उघडलं. टीव्ही दिग्दर्शक शिरो ओगुनी यांची ही कल्पना. वेटर सगळे डिमेन्शिया असलेले आणि नावच ‘चुकीच्या ऑर्डरींचं रेस्टॉरंट’. आयोजकांच्या पाहणीत ३७ टक्के ऑर्डरी चुकल्या, तरी ९९ टक्के ग्राहक खूश होते. चूक होणार हे आधीच मान्य केलं, तर तिची लाज कोणाला वाटणार?

आपल्याकडे सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ आवर्जून बघा. अल्झायमर्स झालेले संस्कृत पंडित (मोहन आगाशे) हत्तीच्या मागे चालत हरवतात. माहुताच्या बायकोला हे कोण, किती विद्वान, काहीच ठाऊक नसतं. तरी ती त्यांना सांभाळते. या भूमिकेसाठी अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

हे करून पाहा

• परीक्षा घेऊ नका. आपण होऊन सांगा, ‘आज्जी, मी रोहन, तुझा नातू.’

• मोबाइलवर एखादा मजेशीर फोटो दाखवा. ‘हा कुठे निघाला असेल गं?’ असं विचारा. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या, दुरुस्त करू नका.

• मटार सोलणं, मेथी निवडणं अशी कामं काढून घेऊ नका. मटारात चार सालं आली तर आली.

• कॉलेजमध्ये या विषयावर पथनाट्य करताय? मग ‘विसराळू म्हातारा’ दाखवून हशा मिळवू नका.

• दिवसभर सांभाळणाऱ्या आईला किंवा काकूला रविवारी दोन तास सुट्टी द्या. तेवढा वेळ गोष्टीला पुरतो.