बांगडा, तेल आणि रक्तातली साखर

आमच्या गव्हाणमध्ये, पनवेल तालुक्यात, एक प्रश्न मला हमखास ऐकू येतो : साखर गोडाने वाढते, मग डॉक्टर तेलातुपाबद्दल का बोलतात?

रक्तातली साखर पेशींत शिरते ती इन्सुलिनच्या मदतीने. गरजेपेक्षा जास्त खाल्ले की चरबी यकृतात, स्नायूंत साठते आणि इन्सुलिनचे काम अडते. त्यात संपृक्त मेदाम्ले अधिक त्रासदायक. पामतेलात ती जवळजवळ निम्मी, करडई-सोयाबीन तेलात बरीच कमी. २०१६ साली १०२ चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. संपृक्त मेदाऐवजी बहुअसंपृक्त मेद घेतल्यास सरासरी साखर किंचित उतरते, असे त्यात दिसले.

मग आपला बांगडा? त्यातली ओमेगा-३ मेदाम्ले शरीराला हवीतच. पण त्यांनी मधुमेहात फारसा फरक पडत नाही, असे २०१९च्या मोठ्या आढाव्यात आढळले. तेव्हा बांगडा जरूर खा, पण कालवणातला. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा वापरू नका.

नवी मुंबई उभी राहताना भातशेती गेली, चिखलणी-लावणीची मेहनतही गेली. ताटातला भात मात्र तेवढाच राहिला. तो थोडा कमी करा, रोज चाला. आणि औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.