लाज सोडा, तपासणी करा – नवरा-बायको दोघांनीही!



“आमचं ऑपरेशन झालं. आता कसली काळजी?” असं आपण सहज म्हणून जातो. ऑपरेशन, तांबी, गोळ्या ही कुटुंब नियोजनाची चांगली साधनं आहेत. पण ती पाळणा थांबवतात, गुप्तरोग थांबवत नाहीत. प्रत्येक वेळी नीट वापरलेला निरोध गुप्तरोगाचा धोका पुष्कळ कमी करतो. आणि रोग अंगात शिरला आहे का, हे सांगते ती तपासणी.

गुप्तरोग म्हणजे काय?

शरीरसंबंधातून एकाकडून दुसऱ्याला लागणारे रोग. गरमी, परमा, एचआयव्ही, बी प्रकारची कावीळ हे त्यांतले काही. हे जंतूंपासून होतात. ही कुणाची करणी नव्हे की पोटातली उष्णता नव्हे.

त्रास काहीच नाही, मग तपासणी कशाला?

इथेच माणूस फसतो. गरमीची जखम बहुधा दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येते. माणूस म्हणतो, बरं झालं! रोग मात्र रक्तात तसाच राहतो. परम्यात पुरुषाला लघवीला जळजळ होते, पू जातो. बाईला मात्र बरेचदा काहीच जाणवत नाही.

आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रियांचा किंवा संबंधातून होणारा एखादा तरी आजार निघाला. त्याआधी आतून तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त ८! सगळेच आजार संबंधातून आलेले नव्हते. पण न सांगता, न तपासता बायका किती सोसतात, हे त्यातून जगाला कळलं.

तपासणीत काय करतात?

घाबरण्यासारखं काही नाही. गरमीसाठी थोडं रक्त घेतात व ‘व्हीडीआरएल’ किंवा तशीच तपासणी करतात. दोष आढळला तर दुसऱ्या तपासणीने खात्री करून घेतात, कारण कधी कधी दुसऱ्या कारणानेही ही तपासणी दोष दाखवते. एचआयव्ही आणि काविळीसाठीही रक्तच लागतं. पू किंवा पांढरं पाणी जात असेल तर ते काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

एक लक्षात ठेवा. रोग लागल्याबरोबर रक्तात दिसत नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणून डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं तर जरूर जा.

गरोदर बाईची तपासणी चुकवू नका

पोटुशी असल्याचं कळताच नाव नोंदवा आणि गरमी व एचआयव्हीची तपासणी करून घ्या. गरमीवर उपचार झाला नाही तर मूल पोटातच दगावू शकतं, किंवा रोग घेऊन जन्मतं. वेळेवर पेनिसिलिनचं इंजेक्शन मिळालं तर बाळ वाचतं. एचआयव्ही असलेल्या आईनं रोज औषध घेतलं तर बहुतेक बाळं निरोगी जन्मतात.

तांबी बसवायची असेल आणि अंगावरून पूसारखं जात असेल, ओटीपोट दुखत असेल, तर नर्सबाईंना आधी सांगा. आधी उपचार, मग तांबी.

दोघांनीही यायचं

मूल होत नाही म्हणून बाईला बोल लावतात. पण परम्यासारख्या रोगानं तिच्या गर्भनलिका बंद झालेल्या असू शकतात, आणि तो रोग घरात कदाचित नवऱ्याकडूनच आलेला असतो! दोष पुरुषातही असू शकतो. एकट्या बायकोनं औषध घेतलं आणि नवऱ्यानं टाळलं, तर बरा झालेला रोग तिला पुन्हा लागतो. म्हणून दोघांची तपासणी, दोघांचा उपचार. तो पुरा होईपर्यंत संबंध टाळा.

लोकांना कळलं तर?

तुमची तपासणी गुप्त राहते. २०१७ च्या कायद्यानुसार संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही आणि तिचा निकालही उघड करता येत नाही.

रोग निघाला तरी हाय खाऊ नका. गरमी आणि परमा औषधानं पूर्ण बरे होतात. एचआयव्ही रोजच्या गोळ्यांनी ताब्यात राहतो, आणि या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. काविळीवर तर आधीच टोचून घ्यायची लस आहे. मात्र भोंदू वैदूकडे जाऊ नका, मेडिकलमधून मनानेच गोळ्या आणू नका, आणि औषध अर्धवट सोडू नका.

कुठे जायचं?

यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, किंवा पुसद, वणी, दारव्हा, पांढरकवडा, उमरखेड येथील सरकारी दवाखान्यात. गावातच विचारायचं असेल तर आशाताई किंवा नर्सबाईंना विचारा. समोरासमोर बोलायला संकोच वाटतो? १०९७ या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत.

कापसावर बोंडअळी दिसली की आपण झाड वाळायची वाट पाहत नाही. मग स्वतःच्या शरीराबाबत वाट का पाहायची?

दोघांची तपासणी, दोघांचा उपचार,
सुखाचा होईल तुमचा संसार!