समीकरण एक, उत्तरं दोन

गणित ऑलिंपियाडमध्ये ओपनएआय आणि गूगल डीपमाइंडच्या यंत्रांनी जुलै २०२५मध्ये ४२पैकी ३५ गुणांची, म्हणजे सुवर्णपदकाची पातळी गाठली. तेव्हापासून मुलांनी गणित शिकावंच कशाला, असा सूर लागला आहे. तो लावणाऱ्यांनी बीजगणिताच्या जुन्या, मुरलेल्या सॉफ्टवेअरला अगदी साधी समीकरणं घालून पाहावीत.

साइन क्ष = ०. मोफत मिळणाऱ्या सिम्पायला ‘सॉल्व्ह’ म्हटलं की दोनच उकली येतात, शून्य आणि पाय. ‘सॉल्व्हसेट’ म्हटलं की पायच्या सगळ्या पूर्णांकी पटी, म्हणजे अनंत उकली. बारावीत ‘प्रिन्सिपल’ आणि ‘जनरल’ सोल्यूशन शिकलेल्याला यातलं इंगित लगेच कळेल. न शिकलेला पहिल्या उत्तरावरच थांबेल.

मॅथेमॅटिका या सॉफ्टवेअरमधलं उदाहरण अधिक बोलकं आहे. क्षचा घन = उणे आठ, हे समीकरण दिलं तर तीन उकली मिळतात आणि त्यांत उणे दोन असतो. मात्र उणे आठचं घनमूळ विचारलं तर उणे दोन येत नाही, एक संमिश्र संख्या येते. संमिश्र प्रतलावर उणे आठची दिशा १८० अंशांची. तिचा तिसरा हिस्सा ६० अंश, आणि संकेतानुसार तिथलं मूळ ‘मुख्य’ ठरतं. वास्तव मूळ हवं असेल तर ‘क्यूबरूट’ ही वेगळी आज्ञा २०१२पासून आहे. ती द्यायची, हे आपल्याला सुचायला हवं.

प्रत्येक विसंगती इतकी निर्दोष नसते. दुरान, पेरेस आणि वारोना या स्पॅनिश गणितज्ञांनी २०१४मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ‘नोटिसेस’मध्ये आपला अनुभव मांडला. मोठाल्या पूर्णांकांच्या सारणीचा निश्चयक मॅथेमॅटिका चुकीचा काढत होतं. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर उत्तरही बदलत होतं. इथे संकेताचा प्रश्नच नव्हता, सरळसरळ दोष होता. असा दोष पकडायला उत्तर काय यायला हवं याचा अंदाज उपयोगी पडतो.

उत्तर समीकरणात घालून ताळा केला की खोटी उकल सापडते, पण सुटून गेलेली उकल त्या ताळ्यात सापडत नाही. त्यासाठी उकली किती आणि कुठे असायला हव्यात, याची जाण आधी लागते. म्हणून कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये नुसत्या आउटपुटला गुण देणं थांबवावं. कोणत्या अटींवर हे उत्तर खरं आहे, ते विद्यार्थ्याने स्वतः लिहावं आणि गुण त्याला मिळावेत.