विश्लेषण : पार्सलने आलेल्या अंड्यांतून पिल्ले कमी का निघतात?

कडकनाथसारख्या जातींची उबवणीची अंडी हल्ली कुरिअर किंवा एसटी पार्सलने मागवली जातात. दाभोळसारख्या खाडीकाठच्या गावात ती वळणावळणाच्या रस्त्याने, दोन-तीन गाड्या बदलून पोहोचतात. एकही अंडे फुटलेले नसते, तरी २१ दिवसांनी यंत्रात मोजकीच पिल्ले दिसतात. पैसे मात्र सगळ्या अंड्यांचे गेलेले असतात. मग दोष विक्रेत्याचा, प्रवासाचा की यंत्राचा?

प्रवासात काय बिघडते?

अंड्याच्या रुंद टोकाशी, कवचाखालच्या दोन पापुद्र्यांमध्ये हवेची पोकळी असते. बाहेर येण्यापूर्वी पिल्लू पहिला श्वास याच पोकळीत घेते. सततच्या धक्क्यांनी पापुद्रा सुटला, तर ही पोकळी जागा सोडून सरकू लागते. दुसरा धोका उन्हाचा. उबवणीची अंडी साधारण १३ ते १८ अंश सेल्सिअसला, शक्यतो सात दिवसांच्या आत वापरायची असतात. तापलेल्या गाडीत गर्भाची वाढ अर्धवट सुरू होते आणि तो कमकुवत होतो.

पार्सल उघडल्यावर काय करावे?

अंडी धुऊ नयेत, कारण कवचावरचे संरक्षक आवरण निघून जाते. टोकदार बाजू खाली करून ती १२ ते २४ तास खोलीत स्थिर ठेवावीत. अंधारात टॉर्च लावून पोकळी पाहावी. ती हलत असेल तर अंडे उभेच ठेवावे आणि पहिले काही दिवस फिरवू नये. बाकीची अंडी अठराव्या दिवसापर्यंत रोज किमान तीनदा फिरवावीत.

दाभोळ परिसराच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी उबवणी केंद्रात हलवताना मात्र उलटा नियम असतो. कासवाचा गर्भ कवचाला आतून चिकटतो. त्यामुळे ती अंडी फिरवली तर गर्भ दगावतो.

कोकणातल्या दमट हवेचे गणित काय?

पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ ते ३७.८ अंश हवे. आर्द्रता पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के लागते. पावसाळ्यात बाहेर २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा यंत्रात तापल्यावर आर्द्रता सुमारे ५० टक्क्यांवर येते. म्हणजे सुरुवातीला पाणी फारसे लागतच नाही. थंडीत मात्र हीच आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरू शकते. त्यामुळे माहितीपत्रकातले पाण्याचे माप डोळे झाकून पाळू नये, आर्द्रतामापक पाहावा. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन ११ ते १३ टक्के घटले, तर आर्द्रता योग्य आहे असे समजावे.

वीज गेली तर?

यंत्र उघडू नये, वरून गोधडी टाकावी. हवेची छिद्रे मात्र मोकळी ठेवावीत. थोडा वेळ तापमान उतरले म्हणून सगळी अंडी वाया जात नाहीत. घरात खुडूक कोंबडी असेल तर काही अंडी तिच्याखाली ठेवण्याचा जुना मार्ग आहेच.

दोष कोणाचा, हे कसे कळेल?

पार्सलच्या अंड्यांसोबत गावातली, कोंबडा असलेल्या कळपातली पाच-सहा ताजी अंडी खूण करून त्याच यंत्रात ठेवावीत. सातव्या दिवशी टॉर्च लावावी. रक्तवाहिन्यांचे जाळे दिसले तर गर्भ जिवंत आहे. लाल कडे दिसले तर तो वाढू लागून मेला. काहीच दिसले नाही तर अंडे बहुधा फलित नव्हते. गावची अंडी फुटली आणि पार्सलची नाही, तर शंका प्रवासावर किंवा विक्रेत्यावर घ्यावी. दोन्ही फसली, तर आधी यंत्राचा थर्मामीटर तपासावा.

आणखी एक खबरदारी : जानेवारी २०२१ मध्ये दापोलीत मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता. अंडी मागवण्याआधी त्या भागात पक्ष्यांची साथ नाही ना, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावे.