मोटारीचा लपंडाव

मोटारीच्या दुखण्यांत सर्वांत त्रासदायक दुखणे कोणते, असे एखाद्या जुन्या मेस्त्रीला विचारून पाहा. इंजिन बसणे, गिअर तुटणे असली मोठी नावे तो घेणार नाही. तो म्हणेल, "साहेब, गॅरेजच्या दारात आली की शहाण्यासारखी वागते ना, ती गाडी सर्वांत वाईट!" आणि ते खरेच आहे. तुटलेली वस्तू डोळ्यांना दिसते. पण मधूनच पिकअप जातो, पाय दाबावा तर गाडी हुंदका दिल्यासारखी करते आणि दोन क्षणांनी काही घडलेच नाही अशा थाटात पळू लागते, याला काय करायचे? मेस्त्री शेजारी बसून एक फेरी मारतो, गाडी लोण्यासारखी चालते आणि "काही नाही साहेब, पेट्रोलमध्ये कचरा असेल," असे सांगून तो आपली बोळवण करतो.

शहरात हा खेळ फार तर मागच्याच्या हॉर्नवर भागतो. पण कसारा घाटात ट्रकला मागे टाकण्यासाठी गाडी उजवीकडे काढावी, समोरून एस.टी. यावी आणि नेमका त्याच क्षणी पिकअप जावा, मागच्या सीटवर मुले असावीत, म्हणजे या लपंडावाची किंमत कळते. म्हणून पहिली गोष्ट ही की, असे दुखणे जडलेली गाडी निदान होईपर्यंत घाटात नेऊ नये आणि हमरस्त्यावर कोणाला मागे टाकण्याच्या फंदात पडू नये.

आता निदानाकडे वळू. मधूनमधून येणारा दोष लहरी वाटतो, पण तो लहरी नसतो. त्याची वेळ ठरलेली असते, ती आपल्याला ठाऊक नसते एवढेच. म्हणून गाडीत एक लहानशी वही ठेवावी. दोष आला तेव्हा इंजिन थंड होते की तापलेले? चढ होता की सपाटी? टाकी भरलेली होती की तळाला गेलेली? दिवे, वायपर, एअरकंडिशनर यांपैकी काय चालू होते? पाऊस पडत होता का? आणि मुख्य म्हणजे, समोरचे काटे त्या वेळी काय दाखवीत होते? नुसते "पिकअप नाही" असे मेस्त्रीला सांगणे म्हणजे डॉक्टरांना "बरे वाटत नाही" एवढेच सांगून गप्प बसण्यासारखे आहे.

गाडी कशी अडते, यातही पुष्कळ काही असते. बटण बंद केल्यासारखी एकदम मेली आणि तशीच एकदम जिवंत झाली, तर संशय विजेवर घ्यावा. हळूहळू दम कोंडल्यासारखी होत गेली, तर तो पेट्रोलवर घ्यावा. ज्या गाडीत आर.पी.एम.चा काटा आहे तिथे साक्षीदार समोरच बसलेला असतो. गाडी गिअरमध्ये धावते आहे, म्हणजे इंजिन फिरते आहेच, आणि तरीही तो काटा क्षणात शून्यावर आपटला, तर ठिणगीचा संकेतच तुटला असे समजावे. नव्या गाडीत इंजिनाची फिरकी मोजणारा सेन्सर तापला की असा दगा देतो आणि निवला की पुन्हा नीट चालतो. जुन्या गाडीत हाच उद्योग कॉइल किंवा कंडेन्सर करीत असे. याउलट आर.पी.एम.चा काटा सरसर चढतो पण वेगाचा काटा जागचा हलत नाही, तर बिचाऱ्या इंजिनाला दोष देऊ नका. ते आपले काम करते आहे, क्लच घसरतो आहे. एकट्या काट्याचे ऐकण्यापेक्षा दोन काट्यांची साक्ष एकमेकांशी ताडून पाहावी, ती अशी.

पेट्रोलच्या बाबतीत एक साधी परीक्षा सांगतो. गाडी अर्धा-पाऊण तास नीट चालते, मग गुदमरते, थोडा वेळ उभी केली की पुन्हा ठीक होते, असे असेल तर पुढच्या वेळी गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन टाकीचे झाकण उघडा. आत हवा शिरल्याचा सूं असा मोठा आवाज आला आणि गाडी लगेच सुधारली, तर टाकीला श्वास घेण्याची वाट बुजली आहे. पेट्रोल बाहेर जाते पण त्याच्या जागी हवा आत येत नाही, मग पंपाने ओढायचे तरी काय? गावात ठीक पण लांब चढावर दम तोडते, अशी गाडी बहुधा तुंबलेल्या फिल्टरची असते. टाकी तळाला गेलेली असेल तर याहून सोपे उत्तर असते. चढावर आणि वळणावर उरलेले पेट्रोल एका कडेला जाते आणि पंपाच्या तोंडी मधूनच हवा येते. काटा म्हणतो थोडे आहे, पंप म्हणतो नाही. दोघेही खरेच बोलत असतात!

ज्यांनी फियाट चालविली त्यांना मे महिन्यातला आणखी एक प्रकार आठवत असेल. १९६४ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट निघू लागली, पुढे तिचीच पद्मिनी झाली. तिचा पेट्रोलपंप इंजिनालाच चिकटलेला. घाटात इंजिन तापले की नळीतल्या पेट्रोलची वाफ होई, पंपाला वाफ ओढता येत नसे, आणि गाडी उभी राही. मग टॅक्सीवाला शांतपणे उतरून पंपावर ओले फडके टाकी, एक बिडी ओढी आणि पुढे निघे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली, पण हौसेने जुनी गाडी बाळगणारे अजून आहेत. त्यांनी हे लक्षात ठेवावे की २०२५ पासून देशभर पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या आणि पंपातला पडदा त्याला टिकतीलच असे नाही.

आता आमच्या ओळखीतल्या एका ठाणेकर गृहस्थांची हकीकत सांगतो. त्यांची पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी, दहा-बारा पावसाळे पाहिलेली. दिवसा उत्तम चाले. रात्री पावसात नाशिकला निघाले की पिकअप जाई आणि उष्णतेचा काटा वर चढे. गाडी तापते आहे अशा समजुतीने थर्मोस्टॅट बदलला. मग प्लग बदलले, मग फिल्टर, शेवटी टाकीतला पंपही बदलला. खर्च झाला आणि दुखणे राहिले. अखेर वहिनींनी एक गोष्ट हेरली. "अहो, तुम्ही हेडलाइट लावता तेव्हाच तो काटा उडी मारतो. पाणी काही एका क्षणात तापत नाही!"

हे वाक्य ऐकल्यावर एका वृद्ध इलेक्ट्रिशियनने इंजिनाकडे पाहिलेसुद्धा नाही. हेडलाइट, पंखा, वायपर सगळे चालू करून त्याने मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकाला लावली आणि दुसरी गाडीच्या पत्र्याला. मीटरने जवळजवळ शून्य दाखवायला हवे होते. दाखविले एक व्होल्टहून जास्त. बॅटरीपासून पत्र्याला जाणारी अर्थची तार जिथे बोल्टने आवळलेली होती, तिथे खाली गंज धरला होता. दिव्यांची, वायपरची, पंपाची सगळी वीज परत येण्याची वाट हीच. दिवसा थोड्या विजेला ती पुरे, रात्री सगळे एकदम परतू लागले की तिथे कोंडी होई. पंपाला वीज कमी पडे म्हणून पिकअप जाई आणि काट्याचे गणित चुके म्हणून तो वर चढे. इंजिन तापलेच नव्हते. पॉलिश-पेपरने तो भाग घासून, बोल्ट आवळून, वर थोडे ग्रीस लावून काम संपले. तेव्हापासून आमचा हा ठाम समज झाला आहे की, परस्परांशी संबंध नसलेल्या दोन गोष्टी एकाच वेळी बिघडल्या की त्या दोघींना सामायिक असलेली तार आधी शोधावी.

पण काटा नेहमीच खोटा असतो असे मात्र समजू नये. दिव्यांशी संबंध न ठेवता तो हळूहळू चढत असेल तर तो खरा. गर्दीत चढतो आणि पळताना उतरतो, तर पंखा पाहावा. पळतानाच चढतो, तर रेडिएटर तुंबला असेल किंवा पाणी फिरत नसेल. आणि वर गेलेला काटा एकाएकी पार खाली आला तर हायसे वाटून घेऊ नका. पाणी संपून सेन्सर उघडा पडला असण्याचा तो संभव आहे. गाडी तिथेच थांबवावी आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. उसळत्या वाफेने चेहरे भाजतात. नव्या गाड्यांतला काटा तर मुत्सद्दी असतो. पाणी बरेच कमी-जास्त तापले तरी मालकाला घोर नको म्हणून तो मध्यावर स्थिर राहतो, आणि तो हलला म्हणजे प्रकरण पुढे गेलेले असते. तेलाचा तांबडा दिवा मात्र कोणत्याही गाडीत एक मिनिटही वाट पाहत नाही. तो तेल किती आहे ते सांगत नाही, तेलाचा दाब गेला असे सांगतो. तो लागला की इंजिन बंद करावे.

आजच्या गाडीत पायाखाली तारच नसते. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, ते दोघे आपापला आकडा संगणकाला कळवितात. दोघांचे जमले नाही की संगणक कोणावरच विश्वास ठेवीत नाही आणि गाडीला मुद्दाम लंगडी चालवितो, म्हणजे निदान ती कडेला घेता येते. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर लागला तर सवड काढून दाखवावे. तो उघडझाप करू लागला तर ताबडतोब पाय सैल करावा, कारण न जळलेले पेट्रोल धुराड्यातल्या महागड्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळते. स्कॅनर लावला की संगणक आपल्या तक्रारीचा क्रमांक सांगतो, पण तक्रार म्हणजे गुन्हेगार नव्हे. 'सेन्सरचा आकडा चुकला' याचा अर्थ सेन्सर चुकला असाच नाही, त्याची तारही सैल असू शकेल. क्रमांक पाहून सुटा भाग बदलणाऱ्या गॅरेजात निदान तार हलवून पाहिली का, एवढे विचारावे, आणि स्कॅनर लावूनच मेस्त्रीला फेरीला न्यावे, ज्या वेळी आणि ज्या रस्त्यावर वही सांगते त्याच.

आणि हो, हे सगळे करण्यापूर्वी पायाखालची चटई उचलून पाहा. दिवाळीच्या साफसफाईत नवी जाड चटई जुनीवरच अंथरली जाते, तिची कड पेडलखाली दुमडते आणि पेडल पूर्ण दबतच नाही. कधी उलट होते, पेडल तिच्यात अडकून वर येत नाही, आणि तो प्रकार पिकअप जाण्यापेक्षा पुष्कळ भयंकर असतो.