दिव्यातून येणारा संदेश आणि त्यातील चुका दुरुस्त करणारी चिप

एलईडी दिवा डोळ्यांना जाणवणार नाही इतक्या वेगाने चालू-बंद करून त्या उघडमिटीतून माहिती पाठवण्याच्या तंत्राला दृश्य प्रकाश संदेशवहन असे म्हणतात. प्रकाशकिरणावरून आवाज वाहून नेण्याचा प्रयोग अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८० मध्ये ‘फोटोफोन’ या उपकरणाने यशस्वी केला होता. मात्र छताला लावलेला साधा दिवाच प्रक्षेपक होऊ शकेल, ही शक्यता एलईडीच्या प्रसारानंतरच प्रत्यक्षात आली, कारण तापलेल्या तारेच्या बल्बला सेकंदात लाखो वेळा उजळणे व विझणे शक्य नव्हते. समोरच्या टोकाला फोटोडायोड, म्हणजे प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारा घटक, असतो आणि त्याच्यावर दिव्याच्या प्रकाशाबरोबरच खिडकीतले ऊन, शेजारच्या दिव्यांचा प्रकाश व सावल्याही पडत असल्यामुळे पाठवलेला ‘एक’ कधी ‘शून्य’ म्हणून वाचला जातो.

अशा चुका ग्राहकाने, म्हणजे संदेश स्वीकारणाऱ्या यंत्रणेने, स्वतःच ओळखून सुधाराव्यात यासाठी मूळ माहितीसोबत काही जादा तपासणी-चिन्हे आगाऊच पाठवली जातात. या क्षेत्रासाठी आय-ट्रिपल-ई या संस्थेने २०११ मध्ये जे ८०२.१५.७ हे मानक प्रसिद्ध केले, त्यात मुख्यतः रीड-सॉलोमन संकेताचा आधार घेतलेला आहे. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेला हाच संकेत पुढे ओरखडे पडलेली सीडीही वाजती ठेवण्यास कारणीभूत ठरला. हा संकेत सुट्या बिटांऐवजी बिटांच्या गटांवर काम करतो. मानकातील एका प्रकारात चार-चार बिटांची पंधरा चिन्हे असतात, त्यांपैकी सात माहितीची व आठ तपासणीची, आणि पंधरांतील कोणतीही चार चिन्हे बिघडली तरी मूळ मजकूर परत मिळतो. लागोपाठचे चार-पाच बिट एकदम बिघडले तरी ते फार तर दोन चिन्हांत सामावतात, म्हणून क्षणिक व्यत्ययाविरुद्ध हा संकेत विशेष उपयोगी पडतो. फोटोडायोडसमोर कोणी हातच धरला, तर मात्र कोणताही संकेत कामाचा नाही. तेथे संदेश पुन्हा पाठवण्यावाचून गत्यंतर नसते.

दिव्याच्या बाजूला हे काम करणारे मंडल अगदी लहान असते. चार बिटांच्या आठ टप्प्यांचे शिफ्ट रजिस्टर आणि काही गेट एवढ्यावर ते भागते, कारण येथील अंकगणित केवळ सोळा घटकांच्या सांत क्षेत्रात चालते, ज्यात बेरीज म्हणजे हातचा न घेता बिटागणिक केलेली एक्सॉर क्रिया असते आणि गुणाकारही थोड्या गेटांत बसतो. खरा भार ग्राहकावर पडतो. तो प्रथम आलेल्या चिन्हांवरून आठ ‘सिंड्रोम’, म्हणजे दोषाची लक्षणे सांगणाऱ्या संख्या, काढतो. त्या सगळ्या शून्य असल्यास मजकूर जसाच्या तसा पुढे जातो, अन्यथा बर्लेकँप-मॅसी रीतीने चुकांचे स्थान दर्शवणारी बहुपदी तयार होते, चिएन शोध पंधराही जागा एकेक करून पडताळतो आणि फॉर्नी यांचे सूत्र त्या जागेवरची चूक नेमकी किती आहे हे सांगते. रीड-सॉलोमन संकेताच्या जोडीला आणखी एक आतला संकेत वापरल्यास तो उलगडण्यासाठी चौसष्ट अवस्थांचा माग ठेवणारे व्हिटर्बी मंडलही चिपमध्ये घालावे लागते.

रेडिओ यंत्रणेत नसलेली एक अट येथे मात्र पाळावी लागते: संदेश कोणताही असो, दिवा लुकलुकता दिसता कामा नये. लागोपाठ शून्ये आल्यास प्रकाश मंद भासेल, म्हणून मँचेस्टर पद्धतीत प्रत्येक बिटासाठी एक उजेडाचा व एक अंधाराचा असे दोन स्पंद पाठवले जातात. या सावधगिरीची किंमत मानकातल्या सर्वांत मंद गतीवरून कळते. सेकंदाला दोन लाख स्पंदांपैकी मँचेस्टरनंतर एक लाख बिट उरतात, आतल्या संकेतानंतर पंचवीस हजार आणि रीड-सॉलोमननंतर सुमारे ११,६७०. उघड्यावरच्या उन्हात मोजके शब्द बिनचूक पोहोचवायचे असतील, तर हा व्यवहार महाग म्हणता येणार नाही.

या यंत्रणेतील कमकुवत दुवा वेगळाच आहे. ग्राहकाला मिळालेला स्पंद ‘बहुधा एक’ असतो की ‘निश्चित एक’, ही खात्रीची मात्रा उत्तम उलगडणीस फार मदत करते. परंतु लुकलुक टाळणारा थर सामान्यतः थेट एक किंवा शून्य असा निकाल देऊन ती मात्रा पुसून टाकतो. म्हणूनच एर्दाल अरिकान यांनी २००९ मध्ये मांडलेल्या ध्रुवीय संकेतांकडे संशोधक वळले आहेत. माहिती आधी विशिष्ट रीतीने विस्कटून घेतल्यास त्या संकेतात एक व शून्य जवळजवळ समप्रमाणात येतात, त्यामुळे मँचेस्टरसारखा थर वगळता येतो आणि खात्रीची मात्राही टिकते. त्याची उलगडणी टप्प्याटप्प्याने, मागील निर्णयावर पुढचा ठरवत चालत असल्यामुळे ती वेगवान करणे हे चिप रचणाऱ्यांपुढचे कठीण काम आहे.

दरम्यान २०२३ च्या ८०२.११बीबी मानकाने अदृश्य अवरक्त प्रकाश निवडून वाय-फायचीच सिद्ध यंत्रणा प्रकाशावर आणली, आणि तेथे लुकलुकीचा प्रश्नच उरत नाही. दृश्य प्रकाशाच्या चिपसाठी मात्र गतीपेक्षा आधी दिव्याने दिवा म्हणून नीट काम करणे हीच पहिली अट राहणार आहे.